बगळीचा चीक

कवतिका कासंडी घेऊन गोठ्यात आली, तेव्हा प्रेमलता आधीच बगळीच्या कासेपाशी उभी होती.

"आजपासून नोको काढू वं. आटू दे आता तिले."

"आन् पोट्ट्याइले काय देऊ? काल तांब्याभर निघालं ना."

"सातवा सरून राहिला तिचा. पोटातल्याच्या तोंडचं तुले देऊन राहिली ती. आता आटली नाई त पुढं वासरूही नाई न् दूधही नाई."

कवतिका तशीच माघारी फिरली. रिकामी कासंडी तिनं चुलीपाशी अशी आदळली की ओसरीवर बसलेल्या चिंधूजीनं मान वळवली.

चिंधूजी त्या घरातला म्हातारा. रामाकोन्याहून कोसभर आत त्याची शेती होती. थोरला वसंता, धाकटा गुणवंता. दोन वर्षांपूर्वी वखराची धारदार लोखंडी पास वसंताच्या पायात घुसली. जखम त्यानं हळद भरून बांधली आणि वखर पुढं हाणला. मग दातखीळ बसली, अंग धनुष्यासारखं वाकलं, आणि तो गेला. प्रेमलता त्याची बायको. मूलबाळ झालं नव्हतं. आता घर गुणवंताच्या जिवावर चालत होतं, आणि स्वयंपाकघर त्याच्या बायकोच्या, कवतिकाच्या हातात गेलं होतं. कोणी हे बोलून केलं नाही. एक दिवस पिठाच्या डब्याची जागा बदलली, एवढंच.

बगळी मात्र प्रेमलताची होती. बोरगावच्या बापानं लग्नात कालवड आंदण दिली होती. पांढरीशुभ्र, लांब तोंडाची, उंच पायांची गवळाऊ जात. शेतात चरायला उभी राहिली की खरंच बगळा उतरल्यासारखा वाटायचा. आता बापही नव्हता. त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं.

संध्याकाळी जेवताना गुणवंतानं विषय काढला. भावजयीकडं न पाहता तो बापाशी बोलला.

"बुवा, कडबा सरत आला. दोन बैल हायेत कामाचे. आटलेल्या गायीले गव्हाणीत काय टाकू मी? बाजारात नेतो मी तिले. गाभण हाय, गिऱ्हाईक लागीन."

प्रेमलताच्या हातातली भाकर तशीच राहिली. "ती माह्या बापानं देल्ली, भाऊजी."

"देल्ली, वैनी. पण चारा तुमच्या बापानं नाई देल्ला."

म्हाताऱ्यानं ताट पुढं सरकवलं. मग दाढीवरून हात फिरवत तो म्हणाला, "गाय व्यायलोक राहू द्या. व्याली, चांगली निघाली, त दूध टेशनावरच्या हॉटेलात घाला, ते प्रेमलताचं. पण गुणवंता, बैलाच्या तोंडचं तिले नाई भेटाचं. पोरी, तिचा चारा तुले पाहा लागीन."

"पाहतो मी," प्रेमलता म्हणाली.

आटवण्याचे ते दिवस तिला फार जड गेले. आधी सकाळचं दूध काढणं सोडलं, मग दोन्ही वेळचं. हिरवं बंद केलं, नुसतं कोरडं कुटार गव्हाणीत टाकलं. कास ताठली, सड फुगले. बगळी मान वळवून तिच्याकडं पाहायची आणि हंबरायची. इकडं कवतिकाचं धाकटं पोरगं रिकामी वाटी घेऊन दारात बसायचं आणि "दुदू" म्हणून एकाच सुरात रडायचं. प्रेमलता विळा उचलून नदीच्या काठाला निघून जायची. कन्हानच्या दरडीवर थोडं गवत होतं, तेच कापत बसायची, म्हणजे दोघांचंही ऐकू यायचं नाही. हळूहळू कास उतरली, सुरकुतली. पोरगंही वाटी विसरलं.

मग तिनं गायीला खाऊ घालायला सुरुवात केली.

गावात रघुनाथरावाचा कापूस मोठा होता. प्रेमलता वेचणीला जायला लागली. थोरल्या सुनेनं दुसऱ्याच्या शेतात वेचणीला जाणं चिंधूजीच्या घरात कधी झालं नव्हतं. पहिल्या दिवशी ती बायकांच्या ओळीत शेवटची उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून घेतला. बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडा फाटल्या. संध्याकाळी गाठोडी मोजून झाली तेव्हा ती पुढं झाली.

"मालक, मले पैसे नोको जी. ढेप द्या. सरकीची."

रघुनाथराव खाटेवर बसून पान लावत होता. त्याचा हात थांबला. "ढेप? खातं कोन?"

"गाय हाय जी. गाभण."

"म्हंजे तू आता माह्याकडं मजुरी करून राहिली, का गायीकडं?" तो हसला, आणि त्याच्याबरोबर ओळीतल्या बायकाही हसल्या. पण नोकराला हाक मारून त्यानं ढेपेचे तुकडे तिच्या पदरात टाकायला लावले. तेलाचा वास येणारे पेंडीचे ते पिवळे, दगडासारखे तुकडे ती पोटाशी धरून घरी आली. त्या दिवसापासून रघुनाथरावाच्या घरी तिचं नावच "ढेपवाली" पडलं. पुढं ती सकाळी त्याच्या गोठ्यातलं शेणही काढायला लागली. त्याबद्दल भुईमुगाच्या पाल्याचा एक भारा मिळायचा.

रात्रभर भिजवलेली ढेप ती सकाळी हातानं कालवायची. त्यात कुटार, चिमूटभर मीठ. बगळी टोपल्यात तोंड घालायची ते टोपलं पुसून काढूनच वर करायची. मग खरखरीत जिभेनं प्रेमलताचं मनगट चाटायची. पंधरवड्यात गायीच्या फासळ्या झाकल्या, पाठीवरचे केस बसले. त्याच दिवसांत प्रेमलताच्या हातातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत सरकायला लागलं.

रामाकोन्याच्या बाजारी ढोरांचे डॉक्टर यायचे. चिंचेखाली पेटी उघडून बसायचे, बैलांना सुया टोचायचे. वर्ध्याकडचे होते, मऊ बोलायचे. प्रेमलता सगळी माणसं जाईपर्यंत दूर उभी राहिली.

"काय बाई, तुमचं जनावर कुठं आहे?"

"घरी हाय जी. आजारी नाई. गाभण हाय, आटवली. काय चारू ते इचाराले आलो."

डॉक्टरनं पेटी बंद करता करता हात थांबवला. हे विचारायला त्यांच्याकडं कधी कोणी आलं नव्हतं. "आजारी नसताना आलात, हे बरं केलंत. ढेप देता? द्या, पण रोज थोडी थोडी. एकदम ढीग ओतू नका. पाला चांगला. मीठ हवंच. शेवटच्या आठवड्यात ढेप कमी करा, पोट साफ राहू द्या." दूर शिट्टी झाली. लहान गाडी यायची वेळ झाली होती. "आणि व्याल्यावर काय करायचं, ते वेगळं आहे. त्यातही चुका होतात. पुढच्या बाजारी या, नीट सांगतो."

तिनं मान डोलावली. ते पेटी घेऊन टेशनाकडं निघाले तेव्हा तिला वाटलं, कोणीतरी मोठ्या माणसानं आपल्याला शहाण्यासारखं वागवलं.

पुढच्या बाजारी चिंचेखाली कोणी नव्हतं. दिवाळी होऊन गेली होती. हॉटेलवाला कढई घासत होता, त्याला तिनं विचारलं.

"राज्य बदललं ना, बाई. नागपूर तिकडं मुंबईच्या राज्यात गेलं, आपण इकडंच मध्य प्रदेशात राह्यलो. आता आपलं सारं भोपाळले. डॉक्टर तिकडचे, त तिकडं गेले. सावनेरले हायेत म्हंते."

"आन् इथं?"

"येईन कोणी. अजून नाई आला."

सावनेर म्हणजे त्याच गाडीनं खालच्या अंगाला. पण बाईमाणसानं एवढ्यासाठी गाडीत बसून परमुलखात जावं, हे तिच्या मनातही आलं नाही. ती मीठ घेऊन घरी परतली.

मार्गशीर्षात, ज्वारी कापून शेतात पडलेली असताना, आभाळ भरून आलं आणि पाऊस लागला. थांबेचना. गुणवंता आणि कवतिका चिखलात पेंढ्या उचलत होते, उभ्या करत होते, त्या पुन्हा पडत होत्या. कणसं जागच्या जागी मोडली. कडबा काळा पडला, त्यावर बुरशी चढली. बैल तोंड लावायचे आणि फुर्र करून मागं सरायचे. गव्हासाठी वाफसा येताच वखर धरायची घाई होती, आणि त्याच वेळी डावा बैल, सोन्या, जुवाखाली गुडघ्यावर बसला. खांदा सोलून लाल झाला होता, पोट पाठीला लागलं होतं. गुणवंतानं त्याला शेपटी पिळून उठवलं, मग त्याच्या मानेला मिठी मारून तसाच उभा राहिला. कवतिकानं हे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी प्रेमलता वेचणीहून आली तेव्हा तिच्या खोलीतलं मडकं उपडं पडलं होतं. साठवलेली ढेप गेली होती. गोठ्यात सोन्याच्या टोपल्यात तिचा लगदा होता, आणि बैल डोळे मिटून खात होता.

"भाऊजी!"

गुणवंता बैलाच्या खांद्याला तेल लावत होता. "घरातलं घरात हाय, वैनी."

"घरातलं नाई ते. माह्या हाताचं हाय. इचाराचं त होतं!"

"इचारलं असतं त देल्लं असतं का?" त्यानं वर पाहिलं. त्याचे डोळे आत गेले होते. "हा मेला त आपून सारे मरू. तुमच्या गायीनं वखर नाई वढत."

प्रेमलतानं सोन्याच्या टोपल्याकडं पाठ केली. ती बगळीपाशी जाऊन बसली. बगळी टोपल्याची वाट पाहत होती. प्रेमलतानं आपल्या वाट्याची भाकर आणली आणि तुकडे करून तिला चारली. दुसऱ्या दिवशी म्हातारा तिच्या शेजारी येऊन बसला, आणि त्यानं आपली अर्धी भाकर गायीच्या तोंडासमोर धरली.

ती हरली नाही. कापसाची दुसरी वेचणी लागली होती. दिवसभर वेचणी, तिन्हीसांजेला रघुनाथरावाच्या घरच्या बायकांचं दळण. मडकं पुन्हा भरलं. या वेळी त्याच्यावर तिनं दगड ठेवला आणि खोलीला कडी लावली. गुणवंतानं कडी पाहिली. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. बोलायचंच झालं तर ती कवतिकाला सांगायची, "त्याइले सांग."

संक्रांतीच्या आधी, उन्हं चढताना, बगळी व्याली. फार त्रास झाला नाही. पुढचे पाय दिसले, मग नाक. प्रेमलतानं दोन्ही हातांनी धरून ओढलं आणि ओली, गरम कालवड तिच्या मांडीवरच आली. आईसारखीच पांढरी. कपाळावर तेवढा तांबूस ठिपका. बगळीनं तिला चाटून चाटून उभं केलं. लटपटत ती कासेपाशी गेली, ढुसण्या देऊन पोटभर प्याली. दुपारपर्यंत वारही पडली.

"कालवड झाली वं, कालवड!" कवतिका ओरडत अंगणभर फिरली. सारं विसरून तिनं प्रेमलताच्या कपाळाला हळद लावायला हात उचलला, मग विधवेच्या कपाळाची आठवण येऊन तो हात तिच्या गालावर ठेवला.

कास एवढी भरली होती की बगळीला पाय फाकवून उभं राहावं लागत होतं. प्रेमलता कासंडी घेऊन बसली. पहिल्याच धारेला भांडं वाजलं. पिवळा, घट्ट चीक. कासंडी भरली. कवतिकानं दुसरं भांडं दिलं, तेही भरलं. अंगणात पोट्टे जमले, शेजारणी वाट्या घेऊन आल्या. इतकी वर्षं या घराकडून कोणाला देण्यासारखं प्रेमलताच्या हातात काही नव्हतं. आज होतं. तिनं कास पूर्ण मोकळी होईपर्यंत, बोटं दुखेपर्यंत, शेवटची धार सुटेपर्यंत पिळली.

"लय झालं ना?" कवतिका हसत म्हणाली.

"होऊ दे. रघुनाथरावाच्या घरी मोठा टोप धाडजो. म्हणजो, ढेपवालीनं पाठवला."

त्या दिवशी घरात खरवस शिजला. गुळाचा, वेलदोड्याचा वास गल्लीभर गेला. चिंधूजीनं दात नसलेल्या तोंडानं वडी चघळली आणि डोळे पुसले. गुणवंताच्या ताटात कवतिकानं वडी वाढली तेव्हा तो क्षणभर थांबला. मग खाल्ली.

"बरी झाली," तो खाली पाहत म्हणाला. तेवढंच. पण प्रेमलतानं ऐकलं, आणि चुलीमागं ती थोडी हसली.

सकाळी बगळी उठली नाही.

आधी वाटलं, दमली असेल. कालवड ढुसण्या देत होती आणि बगळी बसूनच होती. प्रेमलतानं शेपटी धरली, कवतिकानं शिंगं धरली. बगळी अर्धी उठली, मागचे पाय थरथरले, आणि धाडकन पडली. मग तिनं मान वळवून कुशीत घातली. सरळ केली की पुन्हा तिथंच जायची. कान हातात घेतले तर थंड. नाक कोरडं. डोळे उघडे, पण पापणीजवळ बोट नेलं तरी हलत नव्हते.

"दीठ लागली," शेजारीण म्हणाली. "काल साऱ्या गावानं पाह्यलं."

म्हाताऱ्यानं ओवा-गूळ उकळून पाजायला घेतला, तो तोंडातून परत वाहिला. मग डाग द्यायला विळा तापवला. प्रेमलता बगळीचं डोकं मांडीवर धरून बसली. विळा पाठीला टेकला, केस जळाल्याचा वास आला, आणि गाय साधी हललीही नाही. तेव्हा प्रेमलताच्या तोंडून हुंदका निघाला.

गुणवंता दारात उभा होता. त्यानं खांद्यावर धोतराचं पटकूर टाकलं. "मी सावनेरले जातो. गाडी भेटीन अजून."

"डॉक्टर येतीन का?" चिंधूजी म्हणाला. "राज्य दुसरं झालं ते."

"पायावर पडीन. पण आणीन."

तो धावत गेला. प्रेमलतानं मान वर केली, तोवर तो बांधापलीकडं गेला होता.

सावनेरला डॉक्टर त्याला घरीच भेटले. त्यानं सांगायला सुरुवात केली, "मान कुशीत घालून राहिली जी, कान थंडे..." आणि डॉक्टरांनी हातातलं ताट बाजूला सारलं.

"कधी व्याली?"

"काल जी."

"अरे, आधी का नाही आलास?" मग त्यांनाच आठवलं, चिंचेखाली आता कोणी बसत नव्हतं. "तो मुलूख आता माझा नाही. तिकडं सुई टोचली तर मला विचारतील." असं म्हणत असतानाच ते पेटीत बाटल्या भरत होते. "रजा टाकतो. पण वरची गाडी आता सकाळीच आहे."

दोघं सकाळच्या पहिल्या गाडीत बसले. रामाकोन्याला उतरून पाणंदीनं जवळजवळ पळतच आले. अंगणात शिरताना गुणवंताला कवतिका दिसली. तिनं मान हलवली.

उन्हं गोठ्याच्या दारात आली तेव्हा बगळी गेली होती. प्रेमलता अजून तशीच बसली होती, मांडीवर ते पांढरं जड डोकं घेऊन. रात्रभर तिनं मान सरळ धरून ठेवली होती, कुशीत जाऊ दिली नव्हती. डॉक्टरांनी वाकून गायीच्या डोळ्यावर हात ठेवला. मग सवयीनं त्यांचा हात कासेकडं गेला. सुरकुतलेली, पूर्ण रिकामी कास त्यांनी दाबून पाहिली. पेटी न उघडताच उठले.

टेशनापर्यंत गुणवंता त्यांना पोचवायला गेला.

"गाय कोणी पिळली?" डॉक्टरांनी विचारलं.

"वैनीनं जी."

"पुरी पिळली?"

"हो जी. दोन भांडे भरले. सारा गाव जेवला."

डॉक्टर थांबले. "पहिले दोन दिवस पुरी पिळायची नसते रे. अर्धं कासेतच ठेवायचं. चांगली खाल्लेली, चांगल्या दुधाची गाय असली की तिच्याच बाबतीत हे होतं. अंगातलं सगळं दुधात उतरतं, आणि ती बसते. वेळेवर सुई मिळाली तर घटकेत उठते." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तिला मी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं पुढच्या बाजारी सांगणार होतो."

गुणवंता पायाखालच्या मातीकडं पाहत होता. "तिले हे नोको सांगा, डॉक्टर."

"मी कुठं आता इकडं येणार आहे," ते म्हणाले.

तो परत आला तोवर माणसं येऊन बगळीला घेऊन गेली होती. अंगणातून गोठ्यापासून वेशीपर्यंत ओढल्याची रुंद खूण उमटली होती. कालवड दाव्याला ओढ देऊन ओरडत होती. प्रेमलता ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. महिन्याभरानं ती त्याच्याशी सरळ बोलली.

"काय म्हणाले डॉक्टर? माहं काही चुकलं का, भाऊजी?"

चिंधूजीनं मान वर केली. कवतिका चुलीपासून उठून दाराशी आली.

गुणवंता तिच्याकडं पाहू शकत नव्हता. "तुमचं काई नाई चुकलं," तो म्हणाला. "ऐन दिवसात ढेप कमी पडली, म्हणे. ते मी सोन्याले चारली, त्यानं झालं."

प्रेमलता बघत राहिली. मग उठली. ती ओरडेल असं कवतिकाला वाटलं, पण आवाज अगदी हळू होता.

"तुमी माही गाय मारली."

"हो," गुणवंता म्हणाला.

"तुमच्या घरचं पाणी मले आता इख हाय."

म्हाताऱ्यानं हात जोडले, कवतिकानं पाय धरले. ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी बोरगावहून तिचा भाऊ केशव बैलगाडी घेऊन आला. कालवड पोत्यावर ठेवली, पेटी ठेवली, वर प्रेमलता बसली. तिनं म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला, पोट्ट्यांना जवळ घेतलं. गुणवंता गाडीचं जू धरून उभा होता. तो तिथं नसल्यासारखी ती त्याच्या अंगावरून पलीकडं बघत राहिली.

गावात गोष्ट झाली. भावजयीची ढेप चोरून त्यानं गाय मारली, विधवेला हाकललं. रघुनाथरावानं त्याला ओट्यावरून उठवलं. चिंधूजी त्याच्याशी बोलायचा नाही, त्याच्या हातचं पाणी मागायचा नाही. खरं काय ते फक्त कवतिकाला त्यानं सांगितलं होतं, आणि ती त्याच्यावर चिडायची.

"सांगून टाका ना बुवाले तरी. किती दिवस खाचं हे?"

"बुवाले सांगलं म्हंजे तिले सांगलं. त्याच्या पोटात नाई राहाचं." तो पायातला काटा काढत होता. "पोटच्यासारखं चारलं तिनं. तिनंच मारली, असं कोणत्या तोंडानं सांगू? माहं काय. मी ढेप त नेल्लीच होती."

पुढच्या वर्षी चिंधूजी गेला. शेवटपर्यंत त्यानं मुलाकडं पाठ केली होती. प्रेमलता तेराव्याला आली, दूर बसली, न जेवता परत गेली.

नागपूरकडं मुंबईचं राज्य मोडून महाराष्ट्र झाला, त्या उन्हाळ्यात गुणवंता बोरगावच्या बाजारी दोर घ्यायला गेला होता. तिथं केशव भेटला. तुटक बोलला. बोलता बोलता म्हणाला, कालवड गाभण आहे, आखाडात व्यायची. ताई तिला जिवापलीकडं चारते. गाय कसली, हत्तीण झाली आहे.

गुणवंता दोर तिथंच टाकून उभा राहिला. त्याला दिसलं, ती भरलेली कास आणि कासंडी घेऊन बसलेली वहिनी.

"मी येतो तुमच्या घरी," तो म्हणाला.

"ती तोंड नाई पाहाची तुमचं."

"नोको पाहू दे. तुमाले दोन गोष्टी सांगाच्या हायेत."

केशवच्या अंगणात निंबाखाली तो उभा राहिला. गोठ्यात पांढरी गाय रवंथ करत होती, पोट दोन्ही बाजूंनी सुटलं होतं. दार अर्धं लोटलेलं होतं. आत भांड्याचा आवाज झाला आणि थांबला.

"हे पाहा केशवभाऊ," तो मोठ्यानं म्हणाला. "गाय व्याली का पहिले दोन दिवस तिले पुरी नोको पिळू द्या. वासरू पिऊ द्या, थोडा चीक काढा, अर्धं कासेतच राहू द्या. गाव मागाले आलं तरी नोको. पुरी पिळली का अशी गाय बसते, मान कुशीत घालते. मंग उठत नाई. तसं काई दिसलं त सावनेरले धावा. सुई असते तिची."

"कोण म्हणालं हे?" केशवनं विचारलं.

"डॉक्टर म्हणाले."

"कधी?"

गुणवंता गोठ्याकडं पाहू लागला. "आता... मांगं भेटले होते."

दार उघडलं. प्रेमलता उंबऱ्यावर आली. केस कानापाशी पांढरे झाले होते. ती त्याच्याकडं पाहत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत होता.

"टेशनावर पोचवाले गेले तवा सांगलं ना तुमाले?"

"नाई, वैनी. तवा ढेपेचंच..."

"ढेप मी पुन्हा भरली होती, भाऊजी. मडकं अर्धं उरलं होतं बगळी गेली तवा. मले माहीत होतं ते. पण मले कोणावर त रागावाचं होतं." तिनं चौकट धरली. "दोन भांडे काढले मी. शेवटची धार सुटेलोक."

"तुमाले कोणी सांगलं नव्हतं, वैनी."

"बुवा तुमच्याशी न बोलता गेले."

"गेले त गेले," गुणवंता म्हणाला.

प्रेमलता उंबऱ्यावरच खाली बसली. बगळी गेली त्या दिवशी ती रडली नव्हती, तेव्हा नुसता राग होता. आता तोंडात पदर कोंबून ती रडायला लागली, आधी आवाज न करता, मग सारं अंग हलवून. केशव घाबरून कधी तिच्याकडं, कधी गुणवंताकडं पाहत होता. गुणवंताला तिच्याजवळ जाता येत नव्हतं आणि निघूनही जाता येत नव्हतं. त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत तो निंबाखाली तसाच उभा राहिला.